जागच्या जागी

‘काजं कशी करावीत’ हे पान भाऊंनी ‘प्रिंटर’ नावाच्या फोल्डरमधून ओढून बाहेर काढलं, ‘शिवण’मध्ये टाकलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. हे शेवटचं. आता एकही पान परक्या घरात राहिलं नव्हतं.

ही पानं होती एका कॉम्प्युटर प्रोग्रामची. तो कपड्यांचे कागदी साचे आखून द्यायचा. मापं भरा, साचा छापा, कापड कापा. तो फुकट होता, सगळ्यांना खुला होता, आणि पाच-सहा हौशी माणसं आपापल्या गावी बसून, घरचं खाऊन या लष्कराच्या भाकरी भाजत होती. त्यातली ‘हे कसं करावं’ सांगणारी मदतीची पानं सांभाळायचं काम भाऊंकडे होतं. ‘भाऊ’ हे नावही त्या मंडळींनीच पाडलेलं. पानं लिहिली होती थोरल्यांनी, म्हणजे मंडळींतल्या सगळ्यांत जुन्या गृहस्थांनी. प्रोग्राम मुळात त्यांचा. पण वयाचं कारण सांगून ते बाजूला झाले होते आणि तेव्हापासून एका शब्दानेही बोलले नव्हते. थोरल्यांची बुद्धी अफाट, पण आवराआवरीच्या नावाने आनंदीआनंद. गळ्याचं पान ‘रंग’मध्ये, खिशाचं ‘इतर’मध्ये, आणि ‘इतर’च्या पोटात आणखी एक ‘इतर’. इतका हुशार माणूस इतका गबाळा कसा, याचं भाऊंना कायम नवल वाटायचं.

त्यामुळे रोज कुणी ना कुणी विचारायचं, “भाऊ, खिशाचं कुठे आहे हो?” भाऊ कपाळाला हात लावायचे, ‘वैताग आणलाय नुसता’ असं घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारून उत्तर लिहायला बसायचे.

“संपलं एकदाचं?” बायकोने दारातून विचारलं. “आता कुणी काही विचारणार नाही ना?”

“एक माणूस विचारणार नाही,” भाऊ छाती फुगवून म्हणाले.

आयुष्यात भाऊंची इतकी तंतोतंत खरी ठरलेली भविष्यवाणी दुसरी नसेल. सुरुवातीला त्यांना शांतता गोड लागली. मग त्यांना इंटरनेट बंद असल्याचा संशय आला, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली डबी बंद करून पुन्हा चालू केली. दिवे लागले, प्रश्न आले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःला एक निरोप पाठवून पाहिला. तो ताबडतोब आला. भाऊंनी तो दोनदा वाचला.

मग एका नव्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या चर्चेत लिहिलं, “सगळं पहिल्या फटक्यात सापडलं. कुणाला त्रास द्यावा लागला नाही.” मंडळींनी त्याखाली शाबासकीचे उभे अंगठे टाकले. भाऊंनीही टाकला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

विम्याच्या कचेरीत लोक त्यांच्याकडे फक्त सहीसाठी यायचे, आणि सही वाळायच्या आत फाइल उचलून चालते व्हायचे. घरात लेक काही अडलं की आईला हाक मारायची, आणि आई घरी नसली तर आई येईपर्यंत थांबायची. ‘भाऊ, तेवढं सांगा ना’ म्हणणारी माणसं होती ती फक्त या प्रोग्रामवर, आणि त्यांची तोंडं भाऊंनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. तीही सुट्ट्या घालवून, फोल्डर रचरचून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पन्नाशी उलटलेल्या माणसाला खिशाच्या प्रश्नावाचून करमू नये, याचं भाऊंना हसू आलं. पण हसून झाल्यावरही एकटं वाटायचं ते वाटतच राहिलं.

“कुणाची वाट बघताय?” बायकोने विचारलं.

“कुणी काही विचारतच नाही गं.”

“मग? तेच तर हवं होतं ना तुम्हाला?”

भाऊंनी पुन्हा एकदा पडद्यावर नजर टाकली. उत्तर द्यायची सवय तशीही सुटत चालली होती.

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली. लेक आंघोळीला. भाऊंनी कॉम्प्युटर उघडला, मागे वळून दाराकडे एकदा पाहिलं, आणि ‘कॉलर’चं पान ‘शिवण’मधून उचलून अलगद ‘प्रिंटर’मध्ये नेऊन ठेवलं. मंडळींचा नियम असा, की कुणीही केलेला बदल दुसऱ्या कुणीतरी मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, आणि बदलाचं कारण लिहावंच लागतं. भाऊंनी कारण लिहिलं, ‘रचनेत किरकोळ सुधारणा’. माणूस स्वतःच्याच खिशात हात घालताना इतका घाबरू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. एकच धीर होता. मंजुरी देणारी तरुण मंडळी भाऊंचं नाव दिसलं की आत काय आहे ते न बघताच होकार देऊन टाकायची.

ते चहाला आधण ठेवून परत आले, तोवर मंजुरी आलेली होती. नाव मात्र तरुणांपैकी कुणाचं नव्हतं. थोरल्यांचं होतं.

भाऊंचे कान तापले. इतक्या वर्षांत तोंड न उघडलेला माणूस नेमका आजच उगवावा! आता चारचौघांत अब्रू जाणार, पानं हातातून जाणार, आणि उरलेलं ‘भाऊ’ही जाणार, हे सगळं त्यांनी एका क्षणात मनाशी पक्कं केलं. मग खाली लिहिलेला मजकूर वाचला. थोरल्यांनी तो फक्त त्यांनाच दिसेल असा पाठवला होता.

“मंजूर. पण कॉलर सगळ्यांना जमते, तिच्यासाठी कुणी विचारायला येत नाही. बाहीचं पान लपवा. माझी बरीच वर्षं त्याच्यावर निघाली.”