वच्छलाचं जाकीट

चंद्रपुरात त्या दिवशी एक्कावन्न अंश होतं. श्रीमंतांच्या गारवस्तीचं काचेचं छप्पर पुसणाऱ्या वच्छला गेडामला कंपनीनं अंग गार ठेवणारं जाकीट दिलं होतं. सकाळी तिनं ते घरी सहा वर्षांच्या लेकीला, रोशनीला घातलं आणि स्वतः तशीच कामावर आली. काचेखाली मुलं स्वेटर घालून खेळत होती. रोशनीही आता गार असेल, या विचारानं ती दिवसभर उन्हात तगली.

संध्याकाळी जाकीट मागत मुकादम तिच्यासोबत टिनाच्या खोलीपर्यंत आला. जाकीट तापलेलं होतं. रोशनी हलत नव्हती.

“बाई, ते तुमच्याच हृदयाच्या ठोक्यांवर चालतं. दुसऱ्याच्या अंगावर बंद पडतं. सांगितलं होतं ना?”

“सांगतलं होतं, भाऊ,” लेकीचे केस सारखे करत वच्छला म्हणाली. “पण पोरगी नऊ महिने माह्याच ठोक्यावर होती. मले वाटलं, वळखन तिले.”