शिट्टीवाला

“पहाट चुकवू नकोस. तो एकदाच शीळ घालतो, मग दिवसभर तोंड मिटून बसतो.”

नवरा जाऊन वर्ष झालं, तरी मोबाइल हातात घेताना काकूंच्या कानात त्याचं हेच वाक्य असे. गल्लीमागच्या दलदलीत एक दुर्मीळ पाणपक्षी होता. सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत. त्याची शीळ रेकॉर्ड करून ॲपवर पाठवायची. दोन काठांवरून दोन वेगळ्या माणसांनी पाठवली, तरच नोंद धरत. या काठावर काकू, त्या काठावर शिंपीमामा.

तो पक्षी होता म्हणून दलदल बुजवायची परवानगी मिळत नव्हती. भराव पडला की पावसाचं पाणी थेट गल्लीतल्या घरांत शिरणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

हा उपक्रम चालवणाऱ्या शाळेतल्या बाई संध्याकाळी आल्या, त्या पडलेल्या चेहऱ्यानेच.

“उद्या पहाटे समिती येतेय. म्हणतात, रेकॉर्डिंग पुष्कळ झाली, आता आमच्या कानांनी ऐकू. नाही ऐकू आला, तर भरावाला मंजुरी.”

“आणि ऐन वेळी त्याने मौनव्रत धरलं तर?” शिंपीमामा म्हणाले.

“अभद्र बोलू नका, मामा!”

“बरं बाई, घातला तोंडाला टाका.”

कुणी हसलं नाही.

“ओरडेल तो,” काकू हळूच म्हणाल्या. “दलदल जाऊ देणार नाही, असा शब्द दिलाय मी ह्यांना.”

पहाटे देवापुढे हात जोडून त्या निघाल्या. समिती बांधावर कान देऊन उभी होती. काकू मागच्या वाटेने लव्हाळ्यात शिरल्या. पाणी गुडघ्याला लागलं. त्यांनी ओठ ओले केले आणि नवऱ्याने शिकवली होती तशी शीळ घातली.

नवरा गेल्यापासून या काठावर पक्षी ओरडलाच नव्हता. वर्षभर काकूच ओरडत होत्या. रोज देवाची माफी मागत होत्या. समोरच्या काठावर मामांना तर खरा ऐकू येतोय, आपण फक्त दुसऱ्या काठाची अट भागवतोय, एवढाच काय तो मनाला आधार.

बांधावरची कुजबुज थांबली.

आणि समोरच्या काठावरून उत्तर आलं. तीच लांब शीळ, शेवटाला उंच जाणारी. काकूंचे डोळे भरून आले. आहे. अजून आहे तो. पाण्यातच त्यांनी हात जोडले.

पुन्हा शीळ सुरू झाली, मध्येच तुटली, आणि पक्ष्याला ठसका लागला.