उठून दिसणं

धम्मदीपनं अमरावतीच्या कॅमेरा क्लबात आपला सगळ्यात आवडता फोटो दाखवला. मोर्शीकडच्या गावात, घरापुढे बाजेवर पाय पसरून बसलेली त्याची आई इंदूबाई. आणि मागून रस्त्यानं काठी टेकत चाललेले गावचे म्हातारे पाटील.

“कॅमेरा एवढ्यात बदलू नकोस, आधी लेन्स घे,” क्लबचे सर म्हणाले. “मागचं सगळं धूसर करणारी. हा म्हातारा उगाच नजर खेचतो. तो पुसला गेला, की आई कशी उठून दिसेल बघ!”

रविवारी गावी गेल्यावर त्यानं मोबाइलवर तोच फोटो आईपुढे धरला.

“नवी लेन्स घेऊन राहिलो, माय. मागचे पाटील दिसनारच नाही. तू एकटीच उठून दिसशीन.”

इंदूबाईनं चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेऊन फोटो बराच वेळ पाहिला.

“पाटलाले काहून पुसून राहिला? याचा बाप रस्त्यानं निंघाला का तुह्या आजीले बाजेवरून उठून उभं राहा लागे. अंगात ताप असला तरी उठा लागे. तो तं मान वळवून पाहे बी नाही.”

धम्मदीपनं वाकून फोटोतल्या पाटलांकडे पुन्हा पाहिलं.

“लेन्स घ्याचीच असन, तं पाटलाचं तोंड साफ दिसन अशी घे,” तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. “अन् तुह्या सरले सांग, मले उठून नाही दिसाचं. मले बसूनच दिसाचं हाय.”