दगूबाईंचं शास्त्रीय

रंजिताला काही रीत म्हणून नाही, हे दगूबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवलं. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायचा, धांगडधिंगा लावायचा आणि त्या ठेक्यावर भाकरी थापायच्या.

"काय वं, भाकरी करी ऱ्हायनी का नाचाडी ऱ्हायनी?"

"माय, घरमा लगीन शे," सून हसली. "आते नही वाजाडं ते कव्हय वाजाडसू?"

लग्न नातीचं, जागृतीचं. तिला वरातीत खांडबाऱ्याचा बँड हवा होता आणि स्वतः नाचायचंही होतं. दगूबाईंनी एका शब्दात निकाल लावला होता. नाही.

अख्ख्या म्हसावदात शास्त्रीय कळणारं माणूस एकच, ते म्हणजे दगूबाई. शाळा दुसरीत सुटली, पण कान शाबूत. मालक गेले त्या वर्षी पेटीत त्यांचा टेप सापडला, आत बिनचिठ्ठीची कॅसेट. लावली, आणि दगूबाई ओट्यावरच बसल्या. सनईसारखं काहीतरी, इतकं सावकाश, इतकं खोल! मागे पखवाज घुमत होता, जणू लांब सातपुड्यात ढग. शेजारच्या मास्तरांनी डोळे मिटून "शास्त्रीय" म्हटलं. झालं.

तेव्हापासून बारा वर्षं रोज सकाळी तेच. एक सूर सुटून दुसरा येईपर्यंत भाकर फुगायची. सगळ्यात शेवटी कॅसेटमधले बुवा एकदाच तोंड उघडायचे. विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज, शब्द एक कळायचा नाही.

"ते समजाले जनम लागस," दगूबाई सांगायच्या. "सिनेमानं गाणं पाहुणासारखं, चहा पिस आनि जास. हाई घरमाच ऱ्हास."

मागच्या आठवड्यात टेप मुका झाला आणि दगूबाईंचं जेवण सुटलं. रंजिताने न विचारता तो शहाद्याला नेला. आतला रबरी पट्टा वर्षानुवर्षं सैल होत शेवटी तुटला होता, नवा टाकून काल संध्याकाळी घेऊन आली. दगूबाईंना बरं वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. टेप लावलाही नाही. व्याह्यांसमोरच लावायचा, असं ठरवलं.

दुपारी नवापूरचे व्याही आले. चहा झाला तशी विहीण फुलवंताबाईंनी विषय काढलाच.

"बँड सांगितला ना हो?"

"पहिले हाई ऐका. ऐकीसन बी बँड पाहिजे वाटना, ते मी सोता सांगसू."

दाराआड जागृतीने आईचा हात घट्ट धरला. दगूबाईंनी पदर सारखा केला आणि बटण दाबलं.

पिपाणी किंचाळली. ताशा कडाडला, ढोल असा उडाला की कपबशा थरथरल्या. फुलवंताबाईंनी पदर खोचला, व्याही खुर्चीतून अर्धे उठले, जागृती तर केव्हाच अंगणात पोचली होती. मग पिपाणी थांबली आणि बुवांनी तोंड उघडलं, "ए, खांडबारावाला, जोरमा! नवरदेवना मामाले नाचाडा रे!"

सगळ्यांच्या नजरा दगूबाईंकडे वळल्या. दगूबाईंचा उजवा पाय ठेका धरून बसला होता. तो त्यांनी थांबवला नाही. मान ताठ ठेवून त्या सुनेकडे वळल्या.

"रंजिता, चुकी तुन्ही शे. हाऊ पट्टा बारा वरीस पहिले बदलाले पाहिजे व्हता."