बाहेरचा मालक

बाहेरच्या माणसाने गावात कारखाना काढला तर गाळा फुकट, फक्त कामगार गावचे हवेत, अशी योजना निघाली. गावातल्याच एका बाईच्या लेकाने शहरातला पत्ता दाखवला, गावी परतून खोक्यांचा कारखाना काढला आणि आईलाच कामाला ठेवलं.

"आई, मला साहेब म्हणत जा, नाहीतर पितळ उघडं पडेल," त्याने बजावलं. गावानेही तोंडाला कुलूप लावलं.

वर्षभराने तपासणी सुखरूप पार पडली, गाळा कायमचा झाला. अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, तसा लेक हुश्श करून तिच्या शेजारी बाकावर टेकला. ती सवयीने उठून उभी राहिली.

"आई, सुटलो एकदाचे! आता तुझ्या हातचा चहा दे."

 

"देते. साहेब, तुम्हाला साखर चालते ना?"