अहिंसेत बसवलेला तोफगोळा

आदगोंडा पाटलांनी तोफगोळा अहिंसेत बसवला, तेव्हा बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, मंडपात पर्युषणाचे उपास सोडलेली निम्मी सांगली बसली होती. आणि एवढे ऐकणारे मिळाल्यावर आदगोंडा गोळ्यावर थोडेच थांबणार? त्यांनी अख्खी युद्धनौकाच कृष्णेत आणून उभी केली असती.

"जुन्या तोफंचं कसं हुतं," ते म्हणाले, "ढिगानं गोळं उडवायचं, तवा कुठं एक इमान पडायचं. बाकीचं सगळं समुद्रात. मासं किती मेलं, कुणी इचारलं? आमच्या ब्राह्मीचा गोळा एकच सुटतो. हवेत मान वळवतो, बघतो, खात्री करतो. मगच जातो."

"नाव-गाव इचारतो काय रं गड्या?" बस्तीचे अध्यक्ष पारस ओरडले.

"गोत सांगितल्याबिगर हात लावत न्हाई!"

मंडप खदखदून हसला. बायकांच्या बाजूला, आईशेजारी बसलेली ब्राह्मी तेवढी हसली नाही. नौदलाच्या तोफेसाठी असा वळणारा गोळा बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळेत ती इंजिनिअर होती. घरी तिने एवढंच सांगितलं होतं, की आमचा गोळा वळतो. पुढचं सगळं वडिलांचं.

आज तिचा सत्कार होता. पण पद्माक्का उठल्या. पद्माक्कांच्या नजरेतून बस्तीतली मुंगी सुटत नसे आणि त्यांच्या धाकाने ती कोणाच्या पायाखालीही येत नसे.

"आदगोंडा, आज क्षमावाणीचा, एकमेकांची माफी मागायचा दिवस. असल्या वस्तूचा सत्कार हितं? इमानात माणूस नसतोय व्हय?"

"आता बिनमाणसाची इमानं येत्यात, अक्का. लोखंड नि वायरी. त्यास्नी कुठला जीव?"

"आन् आजवर? चाचण्या करताना एकबी जीव गेला न्हाई?"

"पोरीलाच इचारा की!"

गुणमालाने लेकीला कोपराने ढोसलं. "ऊठ गं. सांग."

ब्राह्मी उठली. मंचापर्यंत चार पावलं होती, पण तेवढ्यात ती मनाने चाचणीच्या समुद्रावर जाऊन आली. तोफेतून सुटतानाच्या धक्क्याने गोळ्यातले नाजूक भाग तुटायचे. किती गोळे तसेच, नाकासमोर गेले. आणि गेल्या महिन्यात एक वळला. पडद्यावरचा ठिपका वाकला, तशी सगळी खोली नाचली. मग चित्रफीत पाहिली. निशाणासाठी सोडलेलं बिनमाणसाचं विमान आपल्या वाटेने सुखरूप चाललं होतं. गोळा त्याला सोडून समुद्रावरच्या एका कुरव पक्ष्याकडे वळला होता. पांढरं काहीतरी हवेत पसरलं आणि पसरतच राहिलं. "पक्षी तर पक्षी, वळला ना!" साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. त्यात ब्राह्मीची टाळी सर्वांत मोठी होती.

पारसनी तिच्या हातात माईक दिला.

"गेल्या महिन्यात," ती म्हणाली, "गोळा पहिल्यांदा वळला. पण..."

पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. टाळ्यांनी मंडपाचं कापड हललं. तेवढ्यात अंगावर शाल आली, मोकळ्या हातात नारळ आला. आदगोंडा उपरण्याने डोळे पुसत होते.

"कशाकडं वळला?" टाळ्या थांबल्यावर पद्माक्कांनी विचारलं. त्या अजून उभ्याच होत्या. "एकबी जीव गेला न्हाई न्हवं?"

ब्राह्मीने वडिलांकडे पाहिलं. जन्मभर त्या तोंडाला शब्द कमी पडले नव्हते. आता ते नुसतंच उघडं होतं. एवढं एक 'न्हाई' म्हण, असं मागत होतं.

"न्हाई, अक्का," ब्राह्मी म्हणाली. "एकबी न्हाई."

आदगोंडांनी श्वास सोडला तो मागच्या रांगेला ऐकू गेला.

पद्माक्का गुडघे धरत मंचावर चढल्या. ब्राह्मीला वाटलं, आता अक्का अगदी जवळ येऊन आपला चेहरा निरखणार. त्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"म्या म्हातारीनं तुझ्यावर संशय घेतला, बाळ. चारचौघांत बोलले. उत्तम क्षमा." आणि त्या वाकल्या.

या दिवशी समोरच्यानेही हात जोडून तेच शब्द परत द्यायचे असतात. ब्राह्मीच्या एका हातात माईक होता, दुसऱ्यात नारळ. पारसनी लगबगीने पुढे होऊन दोन्ही काढून घेतलं. तरी तिचे हात तसेच राहिले, काहीतरी धरल्यासारखे, एकमेकांपासून लांब.

पद्माक्का वाकलेल्याच थांबल्या होत्या.