टु डेथचा खण

तिसरा खण तिने ओढून मांडीवर घेतला. अकराला काका येणार होते आणि ते कार्ड अजून सापडलं नव्हतं.

काका म्हणजे प्रकाशक. बाबांच्या इंग्रजी-मराठी वाक्प्रचारकोशासाठी तीस वर्षं धीर धरून बसलेला एकमेव माणूस. बाबांना जाऊन महिना झाला होता. बहुतेक कार्डांच्या नकला आधीच छपाईला गेल्या होत्या; आज काका मूळ कार्डं आणि उरलेलं सगळं घेऊन जाणार होते.

कार्डाची रीत ठरलेली होती. वर इंग्रजी वाक्प्रचार, खाली मराठी अर्थ, त्याखाली कुणीतरी खरोखर उच्चारलेलं वाक्य. शेवटी बोलणारा कोण, आणि तारीख. हे सगळं जसंच्या तसं छापायचं. एका सहायकाने एकदा एक वाक्य नुसतं सफाईदार केलं, तर बाबांनी त्याचं वर्षभराचं काम रद्दीत घातलं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिनेही एक कार्ड लिहिलं होतं, बाबांना खूश करायला. कधीच न आलेल्या पाहुण्याच्या तोंडी एक छानसं वाक्य घातलं होतं. बाबांनी ते तिला तिच्याच हातांनी फाडायला लावलं. मग दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

हा खण ‘टु डेथ’चा. पुढे ‘पुट टु डेथ’, म्हणजे देहदंड. त्यामागे ‘बीट टु डेथ’, जीव जाईतो मारणे. मग हळूहळू रक्त कमी होत जायचं. ‘स्केअर्ड टु डेथ’, ‘बोअर्ड टु डेथ’.

“फाशीपासून जांभईपर्यंत सगळ्या गाड्यांना यांनी मरण जुंपलंय,” बाबा म्हणायचे. “आपण तेच काम जीवाकडून करून घेतो. भीतीने जीव उडतो, कंटाळून विटतो, काळजीने टांगणीला लागतो. बिचाऱ्याला सुट्टी म्हणून नाही.”

तिची बोटं ‘सिक टु डेथ’वर थांबली. जीव विटणे. एकच कार्ड, जुनं, ठसठशीत अक्षरातलं. ‘वकील, कोर्टाच्या पायऱ्यांवर.’ तिचं नव्हतं.

तिचं त्या मंगळवारचं. बाबांनी तिसऱ्यांदा औषध थुंकलं होतं, चादर तिसऱ्यांदा बदलायची होती. ती मोठ्याने म्हणाली होती, “आय ॲम सिक टु डेथ ऑफ यू.” इंग्रजीत म्हणाली, कारण शुश्रूषेला येणाऱ्या बाई चादरीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एवढ्या रागातही चारचौघांत लाज राखायची अक्कल शाबूत होती. ते आठवलं की तिला अजून स्वतःची किळस यायची.

बाबांनी डोळे मिटले होते. मग हाताने खूण करून कार्ड आणि पेन मागितलं. उशीला टेकून पंधरा मिनिटं काहीतरी लिहीत होते. काय ते विचारायची तिची छाती झाली नाही. नवव्या दिवशी ते गेले.

बेल वाजली.

“चहा टाक,” काका आत येतायेताच म्हणाले. “बिनसाखरेचा. साखर पडलीच चुकून, तर मला सांगू नकोस.” जमिनीवरच्या खणांकडे बघून ते थबकले. “हा काय बाजार मांडलास?”

“धूळ पुसत होते.”

“धूळ पुसायला कार्डं एकेक करून बघावी लागतात?”

ती वाकून कार्डं परत खणात लावू लागली.

“शेवटचं शोधत असशील तर ते माझ्याकडे आहे. जायच्या आधी दोन दिवस मी भेटायला आलो होतो ना, तेव्हा उशीखालून काढून दिलं. म्हणाले, लेकीच्या हाती पडू देऊ नकोस, फाडून टाकेल.”

“तुम्ही वाचलंत?”

“न वाचता छापतो की काय? चार वेळा वाचलं.” काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. “हल्ली कोण बोलतं गं असं बापाशी!”

“काका, ते काढून टाका.”

“का म्हणून?”

“मला लाज वाटते.” ती म्हणाली. “माझं नाव तरी नको. कुणीतरी म्हणाली, एवढंच लिहा.”

“अगं, नाव कुठेय? नुसतं ‘लेक’ आहे. आणि बोलणारा गाळायचा नाही, हा त्यांचाच नियम. मी मोडला तर वरून येऊन माझा कान धरतील. शिवाय पान जुळलंय.” त्यांनी पिशवीतून मुद्रितांचा गठ्ठा काढला, बोटाला थुंकी लावून पान शोधलं आणि तिच्यापुढे धरलं. “मला वाटलं होतं, बघून तुला बरं वाटेल.”

ती थेट ‘सिक टु डेथ’वर गेली. तिथे वकीलच होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर. खाली दुसरं कुणी नव्हतं.

“तिथे नाही, खाली बघ.” काकांनी बोट ठेवलं.

*वरीड टु डेथ : जीव टांगणीला लागणे. ‘बाबा, आय ॲम वरीड टु डेथ अबाउट यू.’ लेक, चादर बदलताना.* पुढे तारीख. त्याच मंगळवारची.

तिने ते तीनदा वाचलं. मग ‘लेक’ या शब्दावर बोट ठेवलं.

“सतरा हजार कार्डं,” काका चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, “आणि त्या माणसाने एक अक्षर मनचं घातलं नाही.”